सांबऱ्याला जाणारं विमान

बेळगावातल्या घरांमध्ये गणपती किंवा दिवाळी महिन्यावर आली की एक चर्चा हमखास सुरू होते. मुलं कशी येणार? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. पुण्या-मुंबईची मुलं बसनं किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मिरजेपर्यंत येऊन पुढे, बेंगळूरची राणी चन्नम्मानं. आता या चर्चेत विमानही आलं आहे. आईला शेजारच्या काकू विचारतात, "तुमची विमानानंच येती ना हो?" आणि आई थोड्या अभिमानानं, थोड्या काळजीनं सांगते, "तिकीट काढलंय म्हणे. विमान आलं म्हणजे झालं."

आईचं ते शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या शहरातून मोठ्या शहरात जाताना 'विमान आलं म्हणजे झालं' असं कुणी म्हणत नाही. एक चुकलं तर दोन तासांनी दुसरं असतं. सांबऱ्याचं तसं नाही. एखाद्या शहराहून दिवसाला एक विमान, फार तर दोन. काही मार्गांवर तर आठवड्यातले ठरावीक दिवसच. त्यामुळे लहान विमानतळाच्या प्रवासाचं नियोजन हे वेगळं काम आहे, आणि ते तिकीट काढल्यावर संपत नाही, तिथून सुरू होतं.

मी अकरा वर्षं बेंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. आईबाबा टिळकवाडीत. या काळात सांबऱ्याची विमानं वाढताना, एकाएकी नाहीशी होताना आणि पुन्हा येताना पाहिली. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं गाव एका बाजूला आणि नोकरी दुसऱ्या बाजूला आहे. गाव बेळगाव असो, कोल्हापूर असो, ग्वाल्हेर असो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी विमानतळाविषयी

बेळगावहून बागलकोटच्या रस्त्याला लागलं की बसवन कुडची, निलजी, मुतगे अशी गावं मागे टाकत दहा-अकरा किलोमीटरवर सांबरा येतं. तिथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, १९४२ची. ब्रिटिश हवाई दलानं ती बांधली. स्वातंत्र्यानंतर तिथे आपल्या हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त करण्यासाठी 'ऑपरेशन विजय' झालं, तेव्हा हवाई दलानं पुण्याबरोबर सांबऱ्याचा तळही वापरला. देशभरातली कोवळी पोरं हवाई दलात भरती होऊन आजही सांबऱ्याला शिकायला येतात. सुट्टीवर निघालेली, केस बारीक कापलेली अशी दोन-चार मुलं विमानतळावर बऱ्याचदा दिसतात.

नागरी विमानतळाची आताची इमारत २०१७च्या सप्टेंबरात सुरू झाली. त्याआधी धावपट्टीही वाढवून साधारण २,३०० मीटर केली होती, म्हणजे एअरबसच्या ए-३२० जातीची विमानं उतरू शकतील इतकी. इमारत लहान आहे आणि तिचा मोठा फायदा म्हणजे ती लहान आहे. गाडीतून उतरल्यापासून सुरक्षा तपासणी होऊन खुर्चीवर बसेपर्यंत अनेकदा वीस मिनिटंही लागत नाहीत. चहाच्या टपरीवर भेटावी तशी ओळखीची माणसं रांगेत भेटतात.

दारापासून दारापर्यंत

तिकिटावर लिहिलेलं असतं एक तास दहा मिनिटं. हा आकडा खरा असला तरी उपयोगाचा नाही. मोजायचं ते दारापासून दारापर्यंत. माझ्या बेंगळूरच्या घरापासून, म्हणजे शहराच्या दक्षिण टोकापासून, हिशेब असा पडतो.

घर ते देवनहळ्ळीचा विमानतळ, संध्याकाळच्या रहदारीत दोन तास. विमानतळ शहराच्या मध्यापासूनच पस्तीस-चाळीस किलोमीटर लांब आहे. सुटण्याआधी दीड तास पोचायचं. उड्डाण सव्वा तास धरू. सांबऱ्याला उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला पंधरा मिनिटं आणि तिथून टिळकवाडी पस्तीस-चाळीस मिनिटं. बेरीज साडेपाच ते सहा तासांच्या मध्ये कुठेतरी.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. रात्रीची स्लीपर बस नऊ-दहा तास घेते, पण त्यातले सात तास आपण झोपलेलो असतो आणि कामाचा दिवस बुडत नाही. राणी चन्नम्मा रात्रभराचा प्रवास करून सकाळी उतरवते. २०२५च्या ऑगस्टपासून बेळगाव-बेंगळूर 'वंदे भारत' सुरू झाली आहे. ती पहाटे बेळगावहून निघते, दुपारी बेंगळूरहून परत फिरते आणि साधारण साडेआठ तास घेते. म्हणजे विमानानं वंदे भारतपेक्षा वाचतात ते अडीच-तीन तास. लोक धरतात तसे सात तास वाचत नाहीत.

हा हिशेब विमान नको म्हणून मांडला नाही. तिकीट कशासाठी काढतोय ते त्यातून स्पष्ट होतं. शुक्रवारचं काम संपवून शनिवारी सकाळी घरी पोचायचं असेल तर बस उत्तम. लहान मुलं आणि सामान असेल तर रेल्वे. विमान तेव्हा, जेव्हा त्याच दिवशी उजेडात पोचायचं असतं, किंवा सोबतच्या माणसाला आठ-नऊ तास बसवत नाही. बाबांना गुडघ्यांमुळे तीन तासांवर बसता येत नाही. त्यांच्यासाठी हे अडीच तास घड्याळातले नसतात, गुडघ्यातले असतात.

दिल्लीचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा. बेळगाव-दिल्ली थेट विमान २०२३च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झालं. थेट विमान नसलं की गोवा एक्सप्रेसनं दीड दिवस, नाहीतर मध्ये कुठेतरी विमान बदलायचं. ज्या घरातलं मूल दिल्लीकडे नोकरीला आहे त्या घराला या एका विमानानं वर्षातून दोन जास्तीच्या भेटी दिल्या. म्हणून मार्गाची किंमत किलोमीटरवर ठरवू नये. त्याला दुसरा पर्याय काय आणि तो किती वेळ खातो, यावर ठरवावी.

मार्ग येतात आणि जातात

लहान विमानतळाच्या प्रवाशानं एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आजचं वेळापत्रक सहा महिन्यांचं आहे. देशातल्या विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. विमान कंपन्या मार्ग सुरू करतात, बंद करतात, वेळा हलवतात ते बहुतेक याच सुमारास. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात आली की ऑगस्टमध्ये काढलेलं तिकीट नेमकं नव्या वेळापत्रकात पडतं. अशा तिकिटासाठी मी कॅलेंडरवर एक खूण करून ठेवते, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेळ तीच आहे का ते पुन्हा पाहते.

बेळगावकरांना याचा मोठा अनुभव २०१८ साली आला. नवी इमारत उभी राहून वर्षही झालं नव्हतं, आणि इथली बरीचशी विमानं हुबळीला गेली. कारण होतं 'उडान'. केंद्राची ही योजना २०१६ची, आणि तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडालं. लहान शहराच्या मार्गावर कंपनीला तोटा होऊ नये म्हणून सरकार तीन वर्षं फरकाची रक्कम देतं आणि त्या काळात तो मार्ग त्या एका कंपनीला राखून ठेवतं. बदल्यात सुमारे अर्ध्या जागांचं भाडं ठरावीक मर्यादेत ठेवायचं. सुरुवातीला ही मर्यादा तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये होती. हुबळी योजनेत होती, बेळगाव नव्हतं. कंपन्यांनी विमानं कुठे न्यावीत हे उघड होतं. मग इथल्या लोकांनी मागणी लावून धरली, आणि २०१९च्या जानेवारीत तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं. तिथून सांबऱ्याचे दिवस पालटले.

पण तीन वर्षं संपल्यावर काय? भारताच्या महालेखापालांचा २०२३चा अहवाल त्याचं उत्तर देतो. 'उडान'च्या पहिल्या तीन फेऱ्यांत देशभर ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यातले ३७१ प्रत्यक्षात सुरू झाले. त्यांपैकी पूर्ण तीन वर्षं टिकले ११२. आणि मदत संपल्यावरही चालू राहिले फक्त ५४. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा सांबऱ्याच्या फलकावरच्या विमानांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. तिथे दिसणारा प्रत्येक मार्ग म्हणजे कुणीतरी रोज त्या जागा भरतं आहे, म्हणून तो दिसतो आहे.

एका विमानाचा दिवस

आमच्या धंद्यात एक शब्दप्रयोग फार वापरला जातो, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. साखळीतली अशी एकच कडी, जी तुटली की सगळंच थांबतं. लहान विमानतळावर ही कडी म्हणजे तुमचं विमान कुठून येतंय ते.

मार्गावर धावणारं लहान विमान दिवसभरात सहा-सात उड्डाणं करतं. बेंगळूरहून एका गावाला, परत, दुसऱ्या गावाला, परत. सकाळच्या फेरीत कुठेतरी चाळीस मिनिटं गेली की तो उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये फक्त अर्ध्या तासाची उसंत असते. मोठ्या विमानतळावर असं झालं तर कंपनी दुसरं विमान उभं करू शकते. सांबऱ्याला उभं करायला दुसरं विमान नसतं. सांबऱ्याहून सुटणारं विमान म्हणजे थोड्या वेळापूर्वी तिथे आलेलंच विमान.

म्हणून मी दोन गोष्टी करते. महत्त्वाचं काम असेल तर दिवसाच्या पहिल्या फेरीतलं विमान घेते. आणि सांबऱ्याहून परतताना घरून निघण्याआधी विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर पाहते, की येणारं विमान बेंगळूरहून सुटलंय का. कंपनीचा निरोप यायच्या आत आपल्याला कळतं, आणि आईच्या हातचा आणखी एक चहा होतो.

दुसरी कडी हवामानाची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीला लागून. जून ते ऑगस्टमध्ये ढग अगदी खाली येतात. ठरावीक उंचीवर आल्यावर वैमानिकाला धावपट्टी दिसली नाही तर नियमानं तो उतरू शकत नाही. पुन्हा वर जाऊन घिरट्या घालतो, वाट पाहतो, आणि इंधनाची मर्यादा आली की दुसऱ्या विमानतळाकडे वळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उलट बाजूनं त्रास असतो, देवनहळ्ळीला पहाटे दाट धुकं पडतं. दिल्लीचं डिसेंबर-जानेवारीतलं धुकं तर सगळ्यांना माहीत आहे. थोडक्यात, पावसाळ्यात सांबऱ्याचं आभाळ बघायचं, हिवाळ्यात समोरच्या शहराचं.

जुलैमधली एक संध्याकाळ

दोन वर्षांपूर्वी जुलैत सकाळी दादाचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखत होतं, दवाखान्यात दाखल केलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अँजिओग्राफी ठरली होती. दादा नाशिकहून निघाला होता. मी दुपारचं विमान पकडलं. त्याच वेळी रात्रीच्या बसचीही एक जागा घेऊन ठेवली.

विमान वेळेवर सुटलं. बेळगाववर आलो तेव्हा खिडकीबाहेर फक्त पांढरं होतं. विमान एकदा खाली गेलं, पुन्हा वर आलं. वीस-पंचवीस मिनिटं घिरट्या घातल्या. खाली कुठेतरी मुतग्याची शेतं असणार, त्यापलीकडे शहर, शहरात बाबा. मग वैमानिकानं सांगितलं की आपण बेंगळूरला परत जात आहोत. माझ्या शेजारी निपाणीकडची एक आजी होती. तिला काही समजेना. "आलं न्हवं गाव?" असं ती मला विचारत होती.

सहा वाजता आम्ही पुन्हा देवनहळ्ळीत. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळत होती, नको असेल तर पैसे परत. दोष कुणाचाच नव्हता. मी आजीला काउंटरवर तिच्या नातवाशी फोन जोडून दिला, पैसे परत मागितले, टॅक्सी केली आणि तुमकूर रस्त्यावरच्या गोरगुंटेपाळ्याला बसची वाट बघत उभी राहिले. सकाळी साडेसहाला बेळगावात उतरले. बाबांना आत न्यायला अजून दीड तास होता. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "विमानानं येणार होतीस ना?" मी म्हटलं, "बदल केला." दोन ब्लॉकेज निघाले, स्टेंट बसवले. आता बाबा रोज सकाळी कॅम्पात फिरायला जातात.

त्या दिवशी बसची जागा नंतर शोधायला गेले असते तर मिळाली नसती. परत फिरलेले साठ-सत्तर लोक त्याच वेळी तीच जागा शोधत होते. म्हणून माझा नियम असा आहे. ज्या प्रवासाला पोचणं भागच आहे, त्यात विमानाच्या तिकिटाबरोबर रद्द करता येणारी बस किंवा रेल्वेची जागा आधीच घ्यायची. विमान उतरलं तर रद्द करताना थोडे पैसे जातात. त्याला मी विम्याचा हप्ता समजते. आणि प्रवास नुसता सुट्टीचा असेल तर हे काही करायचं नाही. दर वेळी सगळ्याची काळजी करत बसलं तर गावी जाण्याची मजाच जाते.

शेजारचे तीन दरवाजे

बेळगावकरांचं एक भाग्य आहे. चारही बाजूंना विमानतळ आहेत. हुबळी महामार्गानं शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, पावणेदोन-दोन तास. कोल्हापूरचं उजळाईवाडी ११० किलोमीटरच्या आसपास, साधारण तितकाच वेळ. गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू आहे. तो घाटाखाली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तीन तास धरावेत. दाबोळी त्याहून लांब.

मोपाला विमानं पुष्कळ, शहरं पुष्कळ, भाडंही बऱ्याचदा कमी. परंतु तिथेही दारापासून दारापर्यंतचाच हिशेब लावावा. घाट उतरायची टॅक्सी, चोर्ल्याच्या रस्त्याची पावसाळ्यातली अवस्था, आणि रात्री उशिरा विमान उतरलं तर अंधारात घाट चढणं. चार जण मिळून गाडी करणार असाल तर परवडतं. एकट्या माणसाला तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. हुबळीचा रस्ता सपाट आहे, म्हणून सांबऱ्याचं विमान रद्द झालं तर त्याच दिवशीचा पहिला पर्याय म्हणून मी हुबळीच पाहते.

मुंबईला जाताना आता आणखी एक प्रश्न विचारायचा, मुंबई म्हणजे कुठली? नवी मुंबईचा विमानतळ २०२५च्या अखेरीस सुरू झाला आहे. पनवेल-खारघरच्या पाहुण्यांना तो जवळ, बोरिवलीकरांना नव्हे. तसंच बेंगळूरला दोन टर्मिनल आहेत. तिकिटावर कुठलं आहे ते घरातून निघतानाच पाहावं.

परदेशातून येणाऱ्यांसाठी

परदेशातून येणारी भावंडं बहुतेकदा मुंबई, दिल्ली किंवा बेंगळूरपर्यंतचं तिकीट एका कंपनीचं काढतात आणि पुढचं बेळगावचं वेगळं. इथे एक फरक लक्षात ठेवावा. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असतील आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. तिकिटं वेगवेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, एवढंच. पैसेही गेले आणि सांबऱ्याचं पुढचं विमान उद्या. शिवाय भारतात उतरल्यावर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स उरकून सामान पुन्हा द्यावं लागतं. वेगळी तिकिटं असतील तर मध्ये किमान सहा तास ठेवावेत. आमच्याकडे चुलतभाऊ रात्री उतरतो, माझ्याकडे झोपतो आणि दुसऱ्या दिवशीचं विमान घेतो. त्या निमित्तानं आमचीही भेट होते.

सामान आणि म्हातारी माणसं

देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या पंधरा किलोची बॅग आणि हातात सात किलो नेऊ देतात. एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठ्या विमानात वर बसणारी ट्रॉली इथे बसत नाही, ती दारातच काढून घेऊन पोटात ठेवतात. म्हणून औषधं, दागिने, लॅपटॉप आणि पॉवर बँक वेगळ्या छोट्या पिशवीत असावी. पॉवर बँक तर सामानात द्यायचीच नसते, ती आपल्याजवळच ठेवावी लागते.

बेळगावहून निघताना बॅगेत काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुंदा चालतो, मांडे चालतात, फक्त मांड्यांचा डबा हातात धरून बसायची तयारी ठेवावी. लोणचं आणि तूप हातातल्या पिशवीत अडवतात, ते नीट बांधून मोठ्या बॅगेत टाकावं. सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. आईला हे अजून पटलेलं नाही. "खोबरं कधी पेटलंय?" असं ती दर वेळी विचारते.

आईबाबा एकटे येणार असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी मागावी. सांबऱ्याला चालणं थोडं आहे, पण बेंगळूर-दिल्लीला अर्धा-अर्धा किलोमीटर चालावं लागतं. व्हीलचेअर मागितली की एक माणूसही सोबत मिळतो, आणि त्यांच्या दृष्टीनं तो माणूस चाकांपेक्षा महत्त्वाचा असतो. जाताना त्यांच्या खिशात एक कागद द्यावा: विमानाचा क्रमांक, पीएनआर, घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि फोन. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

नियमांतलं थोडं माहीत असावं. अशा छोट्या उड्डाणाला दोन तासांच्या वर उशीर झाला तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं काय हवं ते प्रवाशानं निवडायचं. विमान रद्द झालं तरी तेच. हवामानामुळे रद्द झालं तर वेगळी भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे मिळतात. काउंटरवर शांतपणे हे नियम सांगितले तर काम लवकर होतं. तिथली मुलंही आपल्यासारखीच नोकरीला आलेली असतात.

खिडकीची जागा

एवढं सगळं जमलं की खिडकीत बसावं. एटीआरचे पंख वर, छताला असतात, त्यामुळे खालचं झाकलं जात नाही. ते जेटपेक्षा खालून आणि सावकाश उडतं. बेंगळूरहून येताना डावीकडे बसावं. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या दिसतात, पुढे कधी तुंगभद्रेचं पात्र. मग दूर पश्चिमेला सह्याद्रीची निळी कड वर येते. बेळगाव जवळ आलं की जमिनीचा रंग बदलताना दिसतो, पूर्वेकडे काळी जमीन, पश्चिमेकडे तांबडी माती आणि भाताची खाचरं. बसमधून रात्री येणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. आपलं गाव दोन रंगांच्या मातीच्या बांधावर वसलंय हे मला शाळेच्या भूगोलात शिकवलं होतं, ते कळलं खिडकीतून.

आणि शेवटी थोडं आपल्या सगळ्यांच्या वाट्याचं. मोपाचं तिकीट सातशे रुपयांनी स्वस्त दिसलं की हात तिकडे जातो, आणि कित्येकदा ते बरोबरही असतं. पण दोन्हींचा हिशेब जवळपास सारखा येत असेल, तर मी सांबऱ्याचं तिकीट काढते. पन्नास किंवा सत्तर जागांच्या विमानात आठ-दहा रिकाम्या खुर्च्या म्हणजे पुढच्या वेळापत्रकात तो मार्ग राहील की नाही एवढा फरक असू शकतो. आज आपण तिशीत आहोत, आईबाबा सत्तरीकडे. ज्या सकाळी फोन येईल त्या सकाळी ते विमान फलकावर असायला हवं.

या दिवाळीच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकदा फोनवर बसून एक कागद करावा. कोण कुठून येतं, पहिला मार्ग कुठला, दुसरा कुठला, रात्री अचानक निघायचं झालं तर कुठली बस आणि कुठून. आमचा कागद फ्रिजवर लावला आहे. बाबांनी त्यात खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली आहे, सांबऱ्याच्या रिक्षावाल्याचा नंबर.